माझ्या वहीत गुंडाळलेला हापूस

बंगळूर, ५ मे

तन्वीर, सलाम.

३ मे, सकाळी सव्वाअकरा. तुझी पेटी उघडली. प्रत्येक आंबा माझ्या हस्ताक्षरात गुंडाळलेला होता. रत्नागिरीत वर्तमानपत्रं मिळेनाशी झाली का?

मी निवृत्त होताना तुझ्या माळ्यावर ठेवलेल्या वह्या रद्दी नव्हत्या. शरीराच्या पेशीतलं दिवस-रात्रीचं घड्याळ कसं चालतं, याचं वीस वर्षांचं गणित त्यांत होतं. त्यातलं छापलं थोडंच. उरलेलं आता नव्याने मांडायला बसते, तर दुसऱ्या ओळीला पहिली विसरते. हे तुझ्या बेगमला, जन्नतला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

आंबे गोड आहेत. कागद इस्त्री करून चौदा पानं जुळवली.

बाकीच्या पेट्या कोणाकोणाला गेल्या, ते कळव. फोनवर ‘बघतो, आपा’ चालणार नाही. ही पानं मला अजून वाचून कळतात, म्हणून २० मेच्या आत लेखी उत्तर हवं.

रुकय्या