दोन डाव्या बाह्या

१२ तारीख, सोमवार
दुपार, दुकान बंद

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. राग डोक्यात आहे, पण नमस्कार आधी; आईने वळणच तसं लावलंय. तू सुखरूप पोचल्याचं भावजींकडून कळलं. इथे ठीक. खिडकीतल्या तुझ्या रोपाला फूल आलंय. दुकानात आमचे शिंपीमास्तर तुझी आठवण काढतात, म्हणजे तू त्यांना बिनसाखरेचा चहा पाजलास त्याची.

आता मुद्द्याचं. शनिवारी तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. शुक्रवारी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. दुसऱ्या बाहीला कापड उलटून घ्यायचं विसरले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मला मात्र काहीच वाटलं नाही, आणि त्यानेच मी दचकले. गेल्या वर्षी हा मनाचा आजार सुरू झाला तेव्हाही मी अशाच डाव्या बाह्या कापत सुटले होते.

संशय आला म्हणून घरी येऊन, गोळ्या ठेवते त्या खडूच्या डबीतली एक गोळी जिभेवर धरली. माझी गोळी कडूजहर असते. ही आंबट! ताई, तू माझ्या गोळ्या काढून त्या जागी शक्तीच्या गोळ्या भरल्यास. माझ्याच घरी राहून, माझ्याच हातचं खाऊन, वर रोज विचारायचीस, "गोळी घेतलीस ना गं?" धन्य आहे तुझी!

फोनवर म्हणालीस, "तुझ्या भल्यासाठीच केलं. दुःखाला कुठे औषध असतं? चार दिवस रडावं आणि कामाला लागावं." अगदी मान्य. आई गेली तेव्हा मी रडले, जेवले, तुझ्याशी भांडले, कोट शिवले. डॉक्टरीणबाई गोळी वाढवू म्हणाल्या, तर त्यांनाही ठणकावलं, "आईचं दुःख माझं आहे, त्याला हात लावायचा नाही." त्यांनी ऐकलं. पण हे ते नव्हे. यात रडूही येत नाही. आईचा फोटो समोर असतो आणि आत काही हलत नाही. तुझ्या आंबट गोळ्यांनी माझं दुःखसुद्धा नेलं, ताई.

"आपल्या आईने कधी घेतली का गोळी?" हेही तूच विचारलंस. नाही घेतली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दाराशी कोणी आलं की "आई झोपलीय" सांगून परत पाठवायचं काम तुझं, आणि स्वयंपाकाचं माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू तेव्हाही म्हणायचीस. त्या मुठीत आईचं निम्मं आयुष्य गेलं.

डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात म्हणाल्या. माझ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात आणि सुरूच राहणार. सगळ्या नात्यागोत्याला सांग हवं तर. यापुढे डबीला हात लावलास, तर कात्री माझ्याच हातात असते एवढं ध्यानात ठेव.

आणि ज्यासाठी एवढं लिहिलं, ते आता लिहिते. इथे असताना तू रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचीस. बादली भरून वाहायची, आणि तू कोरडीच बाहेर यायचीस. मी दाराबाहेर उभी असायचे. विचारलं की म्हणायचीस, "काही नाही गं, जरा थकलेय." आईही हेच म्हणायची, भिंतीकडे बघत.

गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे, तुझ्यासाठी. गोळी घ्यायची की नुसतं बोलायचं, ते तू आणि डॉक्टरीणबाई ठरवा. कदाचित तुझं साधं दुःखच असेल. असलं तर आपण दोघी मिळून रडू. पण ते मोरीत एकटीने बसून ठरवायचं नाही. भावजींना मी सांगितलंय. चिडलीस तर चीड.

आली नाहीस तर मी येईन. आणि दारात कोणी "ताई झोपलीय" म्हणालं, तर परत जाणार नाही.

तुझी,
दारातून न हलणारी
धाकटी