आधीच वाटलेले पेढे

सर,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा आता खरं बोलायला हरकत नाही. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टूम निघाली आहे, प्रत्येकाने तुम्हाला एक पत्र लिहायचं आणि त्यांची स्मरणिका काढायची. सध्या नुसता गहिवर चालू आहे. वाघ माणूस, देवाचे हात, सरांमुळेच आज उभे आहोत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुमच्यामुळे उभी मात्र मीही राहिले, एम.एस.ची तिन्ही वर्षं, ऑपरेशनच्या टेबलाच्या पलीकडे, दुसऱ्यांचं काम बघत.

तिसऱ्या वर्षातला तो मंगळवार तुम्ही विसरला असाल. आपल्या युनिटची रीत होती, पहिली मोठी केस पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतः केली की थिएटरमध्ये सगळ्यांना पेढे. माझ्या बरोबरीच्या मुलांचे पेढे केव्हाच खाऊन झाले होते. शेवटी दुर्बिणीतून पित्ताशय काढायची एक केस तुम्ही मला दिलीत. थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "सकाळीच आण गं. दुपारी ड्युटी बदलली की आमच्या हाती रिकामा डबा!" आईने चेंबूरच्या घरी पहाटे उठून खवा परतला. तुम्ही कॉफी पिता पिता दोन पेढे खाल्लेत आणि "छान झालेत" म्हणालात.

आत सगळं नीट चाललं आहे. पडद्यावर पित्ताची नळी दिसते आहे, धमनी वेगळी दिसते आहे, रक्त नाही. आता क्लिप लावून नळी बंद करायची, तेवढ्यात तुमचा हात माझ्या हातावर येतो. "सरक. कॅमेरा धर. तेवढं जमेल ना?" भूल देणाऱ्या मॅडम म्हणतात, "सर, व्यवस्थित करतेय ना ती." "तुमच्या घरचा पेशंट असता तर चाललं असतं का?" तुम्ही विचारता आणि क्लिप स्वतः लावता. मग कॅमेरा हलतो म्हणून तुम्ही मला पुन्हा झापता. हलणारच. मी मास्कच्या आत रडत होते. बाहेर आल्यावर सिस्टर ओशाळून म्हणाल्या, "पेढे तर खाल्ले ना गं आम्ही. वाट लागली." घरी आईने विचारलं, आवडले का सगळ्यांना? मी सांगितलं, सरांनी दोन खाल्ले.

पुन्हा केस मिळाली नाही. परीक्षा पास झाले, नावापुढे पदवी लागली. चारकोपच्या एका नर्सिंग होममध्ये पेशंटच्या नवऱ्याने विचारलं, "ऑपरेशन तुम्हीच करणार ना मॅडम?" साधा प्रश्न. मला हो म्हणता आलं नाही. दुसऱ्या सर्जनना बोलवावं लागलं आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. तुमच्याकडे जे शिकायचं ते मी असं परक्यांची मनधरणी करून शिकले. आणि त्याचं श्रेय आता तुमच्या पदरात घालायचं? अजिबात नाही.

आता मी तुमच्याच युनिटमध्ये शिकवते. तिसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. मागच्या आठवड्यात तिची पहिली केस होती. चुकत नव्हती, पण फार हळू करत होती. क्लिप लावण्याआधी ती थांबली. चुकली तर? तिला बाजूला सारून स्वतःच उरकून टाकावं असं इतकं वाटलं की मी माझाच एक हात दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट धरून ठेवला. तिने क्लिप लावली. नीट लागली.

म्हणजे तुम्ही घाबरायचात, सर. एवढंच होतं ते. त्या वेळी एकदा तरी मला तसं सांगितलं असतंत, तर मी इतकी वर्षं माझ्या हातांना दोष देत बसले नसते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

पण हे पत्र मी पाठवणार नाही. स्मरणिका युनिटमधली मुलं वाचतील, ती मुलगीही वाचेल. आणि त्या दिवशी मी घाबरले होते, हे मी तिला सांगितलेलं नाही.