दात परत देणारा ड्रॅगन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण हे पत्र मी छोट्या गटाच्या रिकाम्या वर्गात, चार वर्षांच्या मुलाच्या खुर्चीत बसून लिहितो आहे आणि माझे गुडघे कानांना लागले आहेत. आज शनिवार, मुलं नाहीत. तुझी मान कशी आहे? शिलाई मशीनवर आठ-आठ तास वाकलं की मान धरणारच, हे मी तुला सांगणं म्हणजे कमालच आहे. दाजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे आले की जोरात येतो? इकडे मी ठीक. पायाची बोटं तशीच, एकमेकांच्या अंगावर चढलेली. परवा डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी बूट लहान होते का? मी हो म्हणालो आणि विषय बदलला.

पत्राला कारण आहे, पण ते नीट क्रमाने सांगतो, नाहीतर तू म्हणशील की हा मधूनच सुरू करतो. तर आमच्या वर्गात एक ड्रॅगन आहे. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या माझ्यापेक्षा दीड फूट बुटक्या आहेत, तरी मीच त्यांच्याकडे मान वर करून बघतो) शाळेसाठी चित्रांची सात पुस्तकं आणली. सातही ड्रॅगनची. हल्लीच्या ड्रॅगनमध्ये काही राम राहिलेला नाही, ताई. एकाला सर्दी झालेली, एकाला पोहता येत नाही, एक नुसती पालेभाजी खातो, आणि शेवटच्या पानावर सगळे सगळ्यांना मिठी मारतात. बाई म्हणाल्या, यावर काहीतरी उपक्रम करा. मी फ्रिजचं खोकं आणलं, अंड्यांचे ट्रे चिकटवून पाठीवर खवले केले, जबडा उघडा ठेवला आणि मागच्या बाजूला एक छोटं दार कापलं. उपक्रम असा: ज्याला ज्याची भीती वाटते त्याचं चित्र काढायचं, ड्रॅगनच्या तोंडात घालायचं, की ड्रॅगन ते खाऊन टाकतो. मग मी खोक्याच्या मागे बसून ढेकर देतो. (माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मुलांना माझं सगळ्यात जास्त काही आवडलं असेल, तर तो ढेकर. मोठ्या बाईंनी तो वार्षिक अहवालात 'ध्वनिपरिणाम' म्हणून लिहिलाय.)

पहिल्याच आठवड्यात नाकी नऊ आले. मुलं अंधार, कुत्रा, इंजेक्शन वगैरे तोंडात घालायची आणि घरी जाताना ते परत मागायची, कारण चित्र छान झालेलं असायचं. एकदा तर पालीसाठी दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून पडल्या. शेवटी वैतागून मी नियम केला: याच्या पोटात गेलेलं परत येत नाही. फळ्यावर लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, पण पाठ झालं. दर शुक्रवारी मी मागचं दार उघडून पोट साफ करायचो आणि कागद रद्दीच्या पोत्यात टाकायचो. मग एकाने चित्र काढायचा कंटाळा केला आणि ज्याची भीती वाटते तीच वस्तू आणून टाकली. आजोबांची कवळी. ती ग्लासात हसते म्हणे. आजोबा तिसऱ्या दिवशी स्वतः आले आणि मला वाट्टेल ते बोलले, पण दात नसल्यामुळे मला त्यातलं फक्त 'मूर्ख' एवढं कळलं. मी सगळ्या वर्गासमोर दार उघडून कवळी काढली. आता नियमाचं काय? मुलं तर माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, वस्तू दुसऱ्याची असेल तर मात्र ड्रॅगन परत देतो. मुलांना पटलं. मीही स्वतःवर खूश होतो. तोंडघशी पडायच्या आधी मी नेहमी असाच खूश असतो, तुला माहीत आहे.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला मी रिबीन म्हणतो, कारण तिच्या दोन्ही वेण्यांना रोज इस्त्री केलेल्या रिबिनी असायच्या. बोलायची कमी. एका बुधवारी तिने चित्र तोंडात घातलं. आडवी रेघ, वर एक गोल, शेजारी एक काठी. मी विचारलं, कोण हे? ती म्हणाली, आई. मला वाटलं, ओरडत असेल आई, सगळ्यांच्याच ओरडतात. मी हसलो, ताई. हसलो, म्हटलं चला, संपली भीती, आणि मागे जाऊन जोरदार ढेकर दिला. आडवी रेघ म्हणजे पलंग आणि काठी म्हणजे सलाईनचा स्टँड, हे मला रविवारी संध्याकाळी कळलं, तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा. आजारपणाबद्दल तिच्या वडिलांनी शाळेत ब्र काढला नव्हता. (ते लिफ्ट दुरुस्त करतात. मितभाषी आहेत. अडकलेली माणसं बाहेर काढणं हेच त्यांचं काम.)

बारा दिवसांनी रिबीन शाळेत आली. आता केस वडील बांधतात. वायरीला मारतात तशी गाठ मारतात, ती सुटत नाही, कापावी लागते. दप्तर ठेवलं आणि सरळ ड्रॅगनसमोर जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "सर, आजोबांचे दात परत दिले होते ना त्याने? मग आईला पण दे म्हणा. ती माझी एकटीची नाही, बाबांची पण आहे."

मी बावीस वर्षं या वयाच्या मुलांशी बोलतो आहे. माझ्या तोंडून काय निघालं, तर आज त्याचं पोट बिघडलंय. मी घाबरलो, दुसरं काही नाही. तेव्हापासून दोन आठवडे ड्रॅगन आजारी आहे. मी त्याच्या अंगावर चादर घातली आहे. ती रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्यासमोर बसते, अर्धा स्वतः खाते आणि अर्धा चादरीखाली सरकवते, म्हणजे तो लवकर बरा होईल. तो अर्धा डबा नंतर मी काढतो. फेकवत नाही. खातो.

मी रद्दीच्या दुकानातही गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने मला पोत्यांच्या ढिगावर बसू दिलं. दोन दुपारी मी आमच्या वर्गाच्या भीत्या उपसत होतो. अंधार अकरा, कुत्रे नऊ, इंजेक्शनं मोजली नाहीत, मोठ्या बाई चार (एक हुबेहूब). एका चित्रात दाराला डोकं टेकलेला उंच माणूस होता. म्हणजे मीसुद्धा कुणाच्या तरी भीतीत आहे. रिबिनीचा कागद नव्हता. सापडला असता तरी तो तिच्या हातात देऊन मी काय म्हणणार होतो, हे मला अजून सुचलेलं नाही. सात पुस्तकं पुन्हा वाचली. कुठल्याच ड्रॅगनने कुणाची आई खाल्लेली नाही, त्यामुळे पुढे काय करायचं तेही कुणी लिहिलेलं नाही.

मोठ्या बाई म्हणतात, खोकं मोडा. परवाचा सोडून पुढच्या सोमवारी सकाळी स्वतः मोडणार आहेत, मी मोडलं नाही तर. चादरीखालून मुंग्या निघायला लागल्या आहेत, बाईंचंही चुकत नाही. पण मोडलं तर पोरगी बघेल की पोटात काहीच नाही. आणि ठेवलं तर ती डबे भरवत राहील. म्हणून तुझ्याकडे मागणं एवढंच की दोन मीटर हिरवं अस्तर पाठव, जाडसर. आतून नवं पोट शिवून लावावं म्हणतो. तेवढे चार दिवस तरी मिळतील.

दाजींना नमस्कार. मानेला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. अस्तर नको. असलंच तर तुझ्या गिऱ्हाइकांना लागेल. अस्तराला मी बाजारात जाऊ शकतो, हे तुलाही कळलंच असेल.

ता. क. आणखी एक. आपली आई गेली तेव्हा मी चारचा होतो आणि तू अकराची. तू मला सांगितलंस की आई माझ्यासाठी बूट आणायला गेली आहे. मी जिन्यावर बसायचो. पाय वाढले तर तिने आणलेलं माप चुकेल, म्हणून मी जुन्याच बुटात दोन वर्षं पाय कोंबले आणि बोटं दुखतात हे कुणालाही सांगितलं नाही. हे तुला आज पहिल्यांदा सांगतो आहे. रागावून नाही. तू अकरा वर्षांची होतीस आणि तुला दुसरं काय सुचणार होतं? मी सत्तेचाळीसचा आहे आणि मला पोटदुखी सुचली.

ता. क. शेवटचं. तेव्हा तू मला काय सांगितलंस ते नको. ते माझ्या पायांना पाठ आहे. पण रात्री मला झोपवून तू स्वयंपाकघरात एकटी बसायचीस, आणि तुला कुणीच काही सांगितलं नव्हतं, बुटांचंसुद्धा नाही. त्या वेळी कुणी येऊन तुला काय सांगायला हवं होतं, तेवढंच लिही. एक ओळ पुरे. फोन करू नकोस, फोनवर तू रडशील आणि मग मी तुला समजावत बसेन. टपाल तीन दिवसांत पोचतं. रिबीन त्या सोमवारी साडेनऊला येईल.