हावरानोव गडाचा भावी गाइड

२ जून, सोमवार. सकाळ.
नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. हावरानोव गडाला शनिवार-रविवारसाठी एक गाइड हवा आहे. निवृत्तांनी अर्ज केला तरी चालेल. परीक्षा १३ सप्टेंबरला. दहा पाहुण्यांना चाळीस मिनिटं गड फिरवून दाखवायचा. निर्णय किल्लेदारीण शिमुन्कोवाबाईंचा.
वाचल्याबरोबर कळलं की नोटीस माझ्यासाठीच लावली आहे.
वय बासष्ट, आवाज खणखणीत. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात गार्नेटचे खडे तपासले. मी भिंग डोळ्याला लावून ‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ एवढंच म्हणायचो, आणि पंधरा बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या. मार्चमध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून माझं कोणी ऐकत नाही. बायको, हेडविका, रेडिओ ऐकते. याचं फार वाईट वाटतं. रोजनिशी खाजगी आहे म्हणून लिहितो.
संकल्प: परीक्षेपर्यंत आसपासचे दहा गड स्वतः चढून पाहायचे. प्रत्येक गडाचा लाकडी बिल्ला आणायचा, पुरावा म्हणून. गडावर पाय ठेवल्याशिवाय बिल्ला विकत घ्यायचा नाही, हा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो.
हेडविकाला मदतनीस म्हणून सोबत घेईन. चुरा लावलेल्या मांसाची श्निट्झेल ती चांगली तळते.

९ जून, सोमवार.
मोहीम पहिली. वल्चेश्टेन. गर्दी टाळावी म्हणून मुद्दाम सोमवार निवडला. न्याहारीच्या वेळी हेडविकानं विचारलं, नक्की आजच जायचं का. मी म्हणालो, प्लॅनिंग माझ्याकडे आहे.
गाडी लावली तिथंच पाटी: सोमवारी गड बंद.
मी शाळेत होतो तेव्हापासून या देशातले सगळे गड सोमवारी बंद असतात. पण निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. हेडविकाला म्हणालो, तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, विचारलं की मी, नक्की आजच का. तू म्हणालास प्लॅनिंग माझं. मग मी म्हटलं, आपलं प्लॅनिंग श्निट्झेलचं.
गाडीतच खाल्ली. पावात घालून, लोणच्याच्या काकडीबरोबर. उत्तम होती.
बिल्ला खालच्या खानावळीतच मिळतो. घेतला. मी आलो होतो, गडच बंद होता. यात माझा दोष नाही.

१४ जून, शनिवार.
झ्लुतोव. पिवळ्या खुणांची वाट, चाळीस मिनिटं चढ. पहिल्या वळणावर उजवा गुडघा बोलला.
विचार केला: जुन्या काळी शत्रू आधी गडाला खालून वेढा घालायचा. महिनोन् महिने खाली बसून अभ्यास करायचा. गड कळायचा असेल तर खालूनच कळतो. म्हणून खानावळीत लिंडेनच्या झाडाखाली बसून वेढा घातला. तळलेलं चीज, टार्टर सॉस, दोन बिअर. खानावळवाला ल्युदेक गप्पिष्ट निघाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गडावर पांढऱ्या झग्यातली बाई फिरते. हे महत्त्वाचं टिपलं.
हेडविका म्हणाली, पाच मिनिटांत डोकावून येते. दोन तासांनी आली. गाल लाल, केसांत काटक्या. वरच्या धुराड्यात बर्चचं झाड उगवलंय, विहीर साठ हात खोल आहे, खडा टाकला की मोजत बसायचं, असं काय काय सांगत होती. तिला थोडक्यात सांगायला सांगितलं, कारण मी माझी टिपणं काढत होतो.
बिल्ला दुसरा. हेडविका आमची, म्हणजे तिचा पाय तो आमचा पाय.

२८ जून, शनिवार.
आज कमाल झाली. सोकोली आणि त्याच्या शेजारचा रोहोव, दोन्ही एकाच खानावळीच्या अंगणातून दिसतात. एका खुर्चीवरून दोन गड! खुर्ची फक्त फिरवायची. बिल्ले दोन.
हेडविका रोहोव चढून आली. नवे बूट घेतलेत तिनं, जाड तळव्यांचे. न विचारता. सोकोलीवर काही तरी बांबूबिंबू लावलेत, जाता येत नाही, असं ती म्हणत होती. मी म्हणालो, सूर्य डोळ्यांवर येत असेल तुझ्या.
उद्यापासून फिटनेस. रोज सकाळी वीस उठाबशा.

२९ जून, रविवार.
तीन.

१२ जुलै, शनिवार.
परत वल्चेश्टेन, कारण बंद गडाचा बिल्ला मनाला टोचत होता. (मी प्रामाणिक माणूस आहे.) आज मात्र उकाडा भयंकर. डॉक्टरही म्हणतात, साठीनंतर उन्हात चढू नये. आमच्या डॉक्टरांनी असं म्हटलेलं नाही, पण ते बारीक आहेत, त्यांना काय कळणार.
हेडविका वर गेली. येताना तिच्याबरोबर ब्रनोचं एक जोडपं होतं. बाई मला म्हणाल्या, नशीबवान आहात हो तुम्ही, किती छान सांगतात या, आमचा माणूस तर परत एकदा फेरी मारू म्हणत होता. मी म्हणालो, तिला मीच तयार केलंय.
परतताना गाडीत मी हेडविकाला गडाचं साल दुरुस्त करून सांगितलं. ती म्हणाली, वरच्या फलकावर तेराशे ऐंशी लिहिलंय. मी म्हणालो, फलकही चुकतात. ती म्हणाली, ओल्दा, तू फलक पाहिलास कुठं?
रेडिओ लावला.

२३ ऑगस्ट, शनिवार.
आज खरोखर चढणार होतो. अर्ध्या वाटेपर्यंत आलोही होतो. देवाशपथ.
पण काल रात्री पाऊस पडून गेलेला, आणि पाइनच्या मुळाशी बोलेटस मशरूम. एक नाही, सात. टोप्या तपकिरी, देठ पोलीस हवालदाराच्या मांडीसारखे. आता मला कोणी सांगावं, असल्या मशरूमना ओलांडून पुढं जाईल असा एक तरी माणूस या देशात आहे का? शर्ट काढला, बाह्या बांधल्या, पिशवी केली. बनियनवर दोन तास जंगलात. एका म्हाताऱ्यानं हटकलं, ही माझी जागा आहे, चाळीस वर्षं मी इथं येतोय. मी म्हणालो, मग आतापर्यंत पोट भरलं असेल.
हेडविका माझ्यासाठी थांबली नाही. वरून हात केला. मीही मशरूम हलवून दाखवलं.
बिल्ला नववा. (मधले चारही खालच्या खानावळींतूनच.) रात्री मशरूम अंड्यात परतून. अप्रतिम.

३० ऑगस्ट, शनिवार.
दोन आठवडे उरले. घरीच रंगीत तालीम. प्रेक्षक: हेडविका आणि शेजारचा रदोस्लाव. बैठकीची खोली म्हणजे दरबार, स्वयंपाकघर म्हणजे शस्त्रागार. रदोस्लावला शस्त्रागारात झोप लागली. त्याला ऐतिहासिक दृष्टी नाही.
तो गेल्यावर हेडविका म्हणाली, ओल्दा, एवढे गड झाले, एकदा हावरानोववर जाऊन येऊ या की. परीक्षा तिथं आहे. मी तिच्या अज्ञानाला हसलो. आपल्याच गावचा गड! बासष्ट वर्षं न्हाणीघराच्या खिडकीतून बघतोय. शिवाय चौथीत शाळेची सहल गेली होती. (त्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. पण वर्गातल्या सगळ्यांनी इतकं वर्णन केलं की गेल्यासारखंच.)
ती म्हणाली, बरं बाबा, मग मी एकटीच जाऊन येते. म्हटलं, जा. मदतनिसाला अनुभव असलेला बरा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.
उद्या. हेडविका या दोन आठवड्यांत हावरानोववर पाच वेळा जाऊन आली. मी बूट पॉलिश केले. अकरा बिल्ले (संकल्पापेक्षा एक जास्तच) पिशवीत भरले. गाइडला चाव्यांचा जुडगा मिळतो, मनगटाएवढा. तो उजव्या हातात धरावा की कमरेला अडकवावा, यावर बराच वेळ विचार केला. कमरेला.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.
जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
पायऱ्या दोनशे चौदा. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. (हेडविका म्हणते तिनं सांगितलं होतं.) दहा पाहुणे, शिवाय शिमुन्कोवाबाई हातात वही घेऊन. धाप लपवायला मी प्रत्येक दहाव्या पायरीवर थांबून माहिती देत होतो. शेवाळ किंवा दगड, जे दिसेल त्यावर बोललो. बाईंनी घड्याळ पाहिलं. दरवाजापाशी पोचलो तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती.
आत गेल्यावर मी आत्मविश्वासानं म्हणालो, आता डावीकडे सरदाराचा दरबार! आणि दार उघडलं. आत झाडू, बादल्या आणि गवत कापायचं यंत्र होतं. पाहुणे आदरानं बघत राहिले. मी म्हणालो, हा संग्रह नंतरच्या काळातला. एका आजीबाईंनी विचारलं, विहीर कुठंय हो? मी लोखंडी झाकणाकडे बोट केलं आणि त्यातून राजकन्येनं उडी घेतल्याची कथा सांगितली. आजीबाईंचे डोळे भरून आले. शिमुन्कोवाबाई हळूच म्हणाल्या, कुबातसाहेब, ती संडासाची टाकी आहे.
मग श्वासच येईना. दगडावर बसलो. हेडविका पाण्याची बाटली घेऊन मागून येतच होती. कानाशी येऊन म्हणाली, तोवर मी सांगू का त्यांना? फक्त तुझा श्वास येईस्तोवर. मी हातानं परवानगी दिली.
श्वास पाच मिनिटांत आला. ती पाऊण तासानं आली. मधे बुरुजावरून हशा ऐकू येत होता. आजीबाई तर तिचा हात धरूनच उतरल्या.
शिमुन्कोवाबाईंनी मला विचारलं, तुम्ही गड बरेच पाहिलेत म्हणे? मी अकरा बिल्ले दगडावर मांडले. त्यांनी सोकोलीचा उचलला. म्हणाल्या, तीन वर्षं झाली सोकोली दुरुस्तीसाठी बंद आहे. तिथं फक्त गवंडी जातात. तुम्ही कसे गेलात? मी म्हणालो, ओळखीनं.

१४ सप्टेंबर, रविवार.
शांतपणे आढावा घेतला. पायऱ्या चढलो. आवाज पोचला. आजीबाई रडल्या. गरज पडली तेव्हा योग्य माणसावर काम सोपवलं, आणि नेतृत्व म्हणतात ते हेच. एकूण समाधानकारक.

२४ सप्टेंबर, बुधवार.
गडाचं पत्र आलं. पाकिटावर हेडविकाचं नाव. कारकुनाची चूक, म्हणून मीच फोडलं. आतही तिचंच नाव. चार ऑक्टोबरपासून रुजू व्हावं, चाव्या कचेरीतून घ्याव्यात.
शिमुन्कोवाबाईंना फोन केला. म्हणालो, अर्ज माझा होता. त्या म्हणाल्या, हो, त्यांचा नव्हताच. मी स्वतःहून विचारलं. दोनदा नको म्हणाल्या त्या, तुमच्या मनाला लागेल म्हणून.
हेडविका दारात उभी होती. म्हणाली, खरं सांग ओल्दा, वाईट वाटणार असेल तर मी नाही म्हणून कळवते. मला काय, रेडिओ आहेच.
मी न्हाणीघरात गेलो. खिडकीतून गड दिसत होता. फार वाईट वाटत होतं. सगळं गाव हसेल, रदोस्लाव सगळ्यांत आधी. आणि मग आठवलं की झ्लुतोवहून ती आली तेव्हा तिला मी थोडक्यात सांग म्हणालो होतो. त्या विहिरीत खडा टाकला की किती आकडे मोजायचे, ते मला आजही माहीत नाही.
बाहेर येऊन म्हणालो, नाही म्हणू नकोस. तुला येतं ते, मला येत नाही.
हे वाक्य लिहायला बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

४ ऑक्टोबर, शनिवार.
रांगेत उभा राहून तिकीट काढलं. हेडविका म्हणाली, अरे तू कशाला काढतोस? मी म्हणालो, पाहुणा आहे.
दोनशे चौदा पायऱ्या. चार वेळा बसलो. हावरानोववर मी आयुष्यात दुसऱ्यांदा गेलो, आणि आत काय आहे ते पहिल्यांदा पाहिलं.
चाव्या तिनं हातात धरल्या होत्या. प्रत्येक खोलीतून निघताना सगळे गाइड म्हणतात तसं म्हणायची: शेवटी जो असेल त्यानं दार ओढून घ्यावं. शेवटी मीच होतो, प्रत्येक वेळी. तोवर ती पुढच्या खोलीत बोलायला लागलेली असायची, म्हणून मी घाईनं दार ओढून, कान पुढं करून पळायचो. एक शब्द चुकवावासा वाटत नव्हता. ती एवढं छान बोलते हे मला चौतीस वर्षांत कळलं नाही, आणि घर तर आमचं दोनच खोल्यांचं आहे.
एकदा मी सवयीनं मधेच दुरुस्ती करायला हात वर केला. ती म्हणाली, प्रश्न शेवटी, साहेब. सगळे हसले. मीही.
एकूण सात दारं लावली. सहावं नीट लागत नाही, बिजागरी करकरते. उतरल्यावर शिमुन्कोवाबाईंच्या कानावर घातलं. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं तपासणीत काढली आहेत, माझ्या नजरेतून सुटत नाही. वाटलं, आता तरी काही विचारतील.
त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. उद्या येताना थोडं तेल घेऊन या.