आबांचं हर्नियाचं ऑपरेशन

प्रिय नाना,

खरं सांगायला किती उशीर झाला म्हणजे ते सांगून उपयोग नसतो? दोन वर्षं मी स्वतःला हे विचारतेय. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही उमापूरभर माझे पेढे वाटलेत. तीच पुतणी तुमच्याशी खोटं बोलली. रागवा, पण पत्र अर्धवट सोडू नका.

आबांचं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. त्यांना कॅन्सर होता, प्रोस्टेटचा. पुरुषांच्या मूत्राशयाखाली ही छोटी ग्रंथी असते. चुलत्यापुढं असलं काही तोंडानं बोलायची आपल्यात रीत नाही. म्हणून पत्र.

कॉलेजातर्फे आम्ही तलवाड्याला तपासणी शिबिर घेतलं होतं, आठवतंय? पन्नाशीपुढच्या पुरुषांची नावं लिहायचं काम माझ्याकडं होतं. दुपारपर्यंत बायांची रांग लागली आणि माझी वही कोरीच. पारावरची माणसं हसत होती, "आमाला काय धाड भरलीय? जा, तुज्या बापाचं नाव लिव्ह आधी." मी रडकुंडीला येऊन आबांना फोन केला. ते आले ते केवळ माझी लाज राखायला. "मला कायबी झालं न्हाई पोरी. जे जनावर रवंथ करतंय ते निरोगी," असं म्हणत त्यांनी बाही वर केली. आणि खरंच त्यांना काही होत नव्हतं, नाना. ना दुखणं, ना जळजळ. फक्त रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही, पुन्हा बघू. पुन्हा रक्त, मग संभाजीनगरला मशीनवर तपासणी, मग सुईनं काढलेला तुकडा. गाठ आतल्या आतच होती, कुठं पसरली नव्हती. त्रास सुरू व्हायची वाट बघत बसलो असतो, तर कदाचित हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आबांनी माझा हात धरून शब्द घेतला. "रोहिणीची सोयरीक जुळायलीय. चुलत्याला कॅन्सर हाय म्हणल्यावर पाव्हणे माघारी फिरतील. आन् दुखण्याची जागा असली, लोक हसतेत. हर्निया सांग." तुमच्याच लेकीसाठी ते खोटं बोलले. तुम्ही आणि काकू डबा घेऊन आलात तेव्हा तुम्ही चेष्टा केलीत, "हर्नियाला एवढे दिवस नळी कावून? लई नाजूक झालास रे दादा!" आबा हसले. मी डबा सोडायला घेतला.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी विचारलं, यांना सख्खा भाऊ आहे का? भावाला धोका जास्त असतो, पंचेचाळिशीनंतर त्यांनी तपासून घ्यायलाच हवं. मी "हो, सांगते," म्हणाले. तुमचं वय तेव्हा बावन्न होतं. रोहिणीचं लग्न झालं, ती नांदायला गेली, आता कुणी माघारी फिरणार नव्हतं, तरी मी गप्पच. घरात ऑपरेशनमुळं आबांना लघवी धरवत नव्हती, चार-पाच महिने कापड ठेवायला लागायचं. ते कुणाला कळू नये यातच मी आणि आई गुंतलो. आता ते ठणठणीत आहेत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो, तो आकडा शून्याच्या जवळ असतो. आबा वाचले या आनंदात मी तुम्हाला विसरले असं म्हणायला सोपं आहे. विसरले नव्हते. घाबरले होते.

मागच्या आठवड्यात मेंढरांच्या तळावरून काकूंचा फोन आला. "तुजे नाना लघवीला बाभळीआड गेले की लवकर येतच न्हाईत. कुत्रं हुडकत जातंय. इचारलं तर म्हणतेत, थंडी हाय." मी लगेच तुम्हाला फोन करून गेवराईला रक्त तपासायला बोलावलं, तर तुम्ही म्हणालात, "दादाला हर्निया होता बाई, मला काय हाय?" आणि फोन ठेवलात. माझंच खोटं तुमच्या तोंडून ऐकलं मी.

नाना, हा कॅन्सर असेलच असं नाही. वयानंही ती ग्रंथी वाढते, गोळीवर भागतं. पण ते आपण बाभळीआड उभं राहून कसं ठरवणार? एका मेंढीला देवी निघाल्या तर तुम्ही त्याच दिवशी सगळा कळप हाताखालून काढता, एकही सोडत नाही. मग सख्ख्या भावाला झालं तेव्हा तुम्हाला कुणी तपासायचं?

परवा आबांच्या देखत मी काकूंना फोन लावला आणि "कॅन्सर" हा शब्द मोठ्यानं उच्चारला. दिलेला शब्द मोडला. आबा उठून बाहेर गेले, माझ्या हातची भाकरीही घेतली नाही. आज सकाळी बघते तर काठी आणि घोंगडी घेऊन दारात उभे. म्हणाले, "लिव्ह काय लिव्हायचं ते. मी नेऊन देतो. भागवतला म्हणावं, मेंढरं मी बघतो, तू जा." हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, नाना. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते तुमच्यासमोरच बसले असतील. त्यांना पोटावरचे पाच व्रण दाखवायला सांगा, आता ते लपवणार नाहीत. तुमची कामं आटपेपर्यंत ते शेवगावच्या शिवारात तळावरच राहणार आहेत. मंगळवारी सकाळी काकू तुम्हाला घेऊन निघतील. गेवराईच्या दवाखान्यात तुमच्या नावाचा नंबर मी लावून आलेय.

तुमचीच,
ऋतुजा