हिल्येबाईंची माहिती कोणी पाहिली

३ मार्च, सोमवार
वीट आलाय या लोकांचा. एस्टोनियाचं सगळं सरकार फोनवर आलंय, तरी पायपूस सरोवराकाठची ही मंडळी धुरावल्या मासळीचा वास घेऊन माझ्याच खिडकीशी उभी. म्हाताऱ्या आर्वेदने पिन नंबर ओळखपत्रावरच चिकटवलाय. म्हटलं, आजोबा, चोराला आयतंच की. तर म्हणे, साहेब, दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहील.
संकल्प : गाव डिजिटल करणारच.

६ मार्च
संगणकवर्ग सुरू. सगळे बथ्थड. माऊस पुसून घ्यावा लागला. अपवाद ग्रंथालयातल्या हिल्येबाई. विधवा आहेत. नखं स्वच्छ.

७ मार्च, कचेरी सुटल्यावर
लोकसंख्या नोंदणीत हिल्येबाईंचा वाढदिवस पाहिला. २७ तारीख, नेमका वर्गाचा दिवस. हे कार्यालयीन कामच म्हणायचं.

९ मार्च, रविवार
कचेरीत जाऊन पत्ताही पाहिला. मग पुन्हा तारीख, खात्रीसाठी. कोणी पाहिलं याची माझ्या नावानिशी नोंद त्यांच्या सरकारी पानावर राहते, ठाऊक आहे. पण ते पान उघडतंय कोण? यांना लॉगिन जमेना.

२० मार्च
वर्गात शिकवलं : आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने कधी पाहिली, हे प्रत्येकाला दिसतं. आमच्याकडे लपवाछपवी नाही. हिल्येबाईंनी मान डोलावली. छाप पडली.
ट्यूलिप सांगून ठेवले. विषम संख्येत, कारण सम संख्येतली फुलं आमच्याकडे थडग्यावर वाहतात.

२७ मार्च, सकाळ
आज फुलं देऊन जेवायला बोलावणार. नवा टाय.

२७ मार्च, दुपार
हिल्येबाईंनी सराव म्हणून आपलं पान मोठ्या पडद्यावर उघडलं. आर्वेद मोठ्याने वाचत सुटला. साहेब, हे तुमचंच नाव ना? खालीही तुमचंच. आणि रविवारी कचेरी उघडी असते होय? मेले सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, तांत्रिक बिघाड.
हिल्येबाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की, मला विचारायचं होतं, सांगितली असती तारीख. सगळ्यांसाठी केक आणला होता त्यांनी. मला कोणी दिला नाही. फुलं पिशवीतच राहिली, त्यातलं एक मोडलं. उरलेली आता थडग्यावरच न्यायची.

३ एप्रिल
चौकशी लागली. वर्ग हिल्येबाई घेतात. आर्वेदला लॉगिन जमलं म्हणे.
आज स्वतःचं पान उघडलं, माझी माहिती कोणी पाहिली का ते बघायला. चौकशी अधिकाऱ्याने पाहिलीय. बाकी कोणीच नाही. हिल्येबाईंना दुसऱ्याची माहिती पाहता येत नाही, हे मीच शिकवलंय. तरी शेवटपर्यंत खाली जाऊन पाहिलं. स्वतःचीच किळस आली.