दादामागची झील

३ फेब्रु., मंगळ.
गाण्याच्या क्लासचा पहिला दिवस. वय बासष्ट. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, श्वास घ्या." घेतला. छाती फुगली, खांदे कानाला, पोट आत. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं असाच ताठ उभा राहिलो. "पोट सोडा, काका." एवढ्या पोरींसमोर पोट सोडायचं? 'सा' सात सेकंद टिकला. घरी ही म्हणाली, "तेवढ्यात चहासुद्धा गाळून होत नाही."

६ फेब्रु.
उताणं झोपायचं, पोटावर पुस्तक. श्वास घेताना ते वर यायला हवं. माझं खाली जातं. जन्मभर उलटाच श्वास घेतला म्हणायचा. अकरा सेकंद, मग गरगरलं. क्लासमधली आठवीतली पोरगी सव्वीस.

१० फेब्रु.
दादाकडे गेलो. पलंगापासून दारापर्यंत येताना दोनदा बसला. फुप्फुसं गेलीत, इलाज नाही. क्लासचं कळल्यावर हसला. "आत्ता होय रे?"
एके काळी त्याची गायन पार्टी होती, मी मागे झील धरायचो. त्याच्या ओळीचा शेवटचा शब्द उचलायचा, लांबवायचा. बस्स, एवढंच काम. सटाण्याच्या कार्यक्रमाला स्टेजखाली सगळ्यांसमोर म्हणालो, "नाव तुझं होतं, मी काय नंदीबैल?" वर चढलोच नाही. नंतर पार्टीच सोडली.

१७ फेब्रु.
आज मॅडमनी जोड्या लावल्या. एकानं गायचं, दुसऱ्यानं शेवटचा सूर धरून ठेवायचा. "तुम्ही धरलंत की त्याला श्वास भरायला वेळ मिळतो."
म्हणजे झीलच की.
झील म्हणजे नुसती सजावट, असं मी इतकी वर्षं समजत होतो. सटाण्यात तिसऱ्या गाण्याला दादाचा आवाज फाटला. मी मागे चहा पीत होतो, आणि मला बरं वाटलं होतं. हे हिलाही कधी सांगितलं नाही. लाज वाटते.

२४ फेब्रु.
एकोणीस सेकंद. दादाला सगळं सांगितलं, बरं वाटलं होतं तेही. मग म्हणाला, "झीलकरी ढीगभर मिळत होते. मी घेतला नाही. म्हटलं, येईल बाळू." शेवटपर्यंत एकट्यानं गायला तो. मला वाटायचं, माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही.

१ मार्च
दादानं ठरवलंय, चौदा एप्रिलला विहारात एक गाणं म्हणणार. डॉक्टर नाही म्हणतात. वहिनी दोन दिवस बोलत नाही. मला म्हणाला, "तू आहेस ना मागं?"
बसून करून पाहिलं. अर्धी ओळ म्हणाला आणि त्याचा श्वास संपला. मी शेवटचा शब्द धरला. पोटातून, मॅडम सांगतात तसा. तो तोंड उघडून श्वास ओढत होता. एकवीसला माझा संपला. त्याचा अजून भरला नव्हता.
त्यानं हातानं 'थांब' केलं. मग सावकाश, "अजून थोडा लांबव, बाळू."
दीड महिना आहे. पुस्तक पोटावर ठेवलंय.